मालाची वाट आणि गावाचे पाणी

भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीत आता महामार्ग डोक्यावरून जातो. नागपूरहून रायपूरकडे निघालेला ट्रक गावाच्या अलीकडे उड्डाणपुलावर चढतो आणि गावाच्या पलीकडे उतरतो. खाली बाजार, बसथांबा, चहाच्या टपऱ्या, खताची आणि बियाण्यांची दुकाने आहेत, पण चालकाला त्यातले काही दिसत नाही आणि दिसावे असे त्याला काही कारणही उरलेले नाही. पूल हवाच होता. चौपदरी रस्ता गावाच्या पोटातून न्यायचा आणि शाळेत जाणाऱ्या पोरांनी तो जीव मुठीत धरून ओलांडायचा, हे चालण्यासारखे नव्हते. तरीही इतिहासाच्या हिशेबात एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. गेल्या दीडशे वर्षांत पूर्वेकडची मोठी वाट लाखनीला टाळून जाण्याची ही दुसरी वेळ आहे.

पहिली वेळ रेल्वेची. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले, डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि नागपूरचे राज्य कंपनीच्या घशात गेले. १८६१ साली मध्य प्रांत झाला. रिचर्ड टेंपलच्या कारकिर्दीत नागपूर-भंडारा-रायपूर हा 'ग्रेट ईस्टर्न रोड' प्रांताच्या मुख्य रस्त्यांत धरला गेला. कारध्याला वैनगंगा ओलांडायची, मग लाखनी, साकोली आणि पुढे देवरीच्या जंगलातून छत्तीसगड. त्याआधी ही वाट बैलांची होती. छत्तीसगडचे धान्य पश्चिमेला यायचे आणि इकडचे मीठ-कापड तिकडे जायचे, ते तांड्यांच्या पाठीवरून. पक्क्या रस्त्याने गाड्यांची वाहतूक वाढली आणि मुक्कामाच्या गावांना चार पैसे दिसू लागले.

हे सुख पंधरा-वीस वर्षेच टिकले. १८६७ साली मुंबईकडची रेल्वे नागपूरला पोचली होती. पुढे पूर्वेकडे रूळ टाकायचे ठरले आणि १८८०-८२ या काळात नागपूर ते राजनांदगाव अशी मीटर गेजची लाइन सुरू झाली. ती वरठी, तुमसर, तिरोडा, गोंदिया या उत्तरेकडच्या सपाटीवरून गेली. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने ती घेतली, ब्रॉड गेज केली आणि १८९१पर्यंत आसनसोलच्या बाजूने कलकत्त्याशी जोडली. गोंदिया हे त्या वेळी नाव घेण्याजोगे गाव नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत तिथे जबलपूरकडचे आणि चांद्याकडचे नॅरो गेजचे फाटे येऊन मिळाले आणि बघता बघता ते शहर झाले. तुमसर धानाची पेठ बनली. लाखनी होती तिथेच राहिली. आजही लाखनीच्या माणसाला गाडी पकडायची तर आधी बस पकडावी लागते.

एवढ्यावरून 'विकासाने आमच्याकडे पाठ फिरवली' असा सूर लावणे सोपे आहे. जिल्ह्यातल्या सभांतून तो नेमाने लागतोही. पण ही लाइन मुळात कोणासाठी टाकली होती, हे आधी विचारायला हवे. छत्तीसगडचा तांदूळ आणि गहू बंदराकडे नेता यावा, हा तिच्या हिशेबातला मोठा आकडा होता. त्याआधी चांगल्या वर्षी उरलेले धान्य पेवांत आणि कोठारांत साठवायचे, कारण ते सगळे न्यायला वाहन पुरायचे नाही. रूळ आल्यावर उरलेले धान्य विकले जाऊ लागले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत वैनगंगेचे खोरे होरपळले. रेल्वेने दुष्काळात बाहेरचे धान्य आणले हे खरे, आणि त्याआधीच्या सुगीत घरचे धान्य नेले हेही तितकेच खरे. तिच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिणाऱ्या दोघांनीही यातले अर्धेच वाक्य वापरले आहे.

रूळ आणि रस्ते येण्याआधी या भागात बांधकाम झाले नव्हते असे मात्र नाही. इंग्रजांच्या गॅझेटियरनेच भंडारा जिल्ह्याला नागपूरचा तलावांचा प्रदेश म्हटले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून साडेसहा हजारांहून अधिक जुने तलाव आज सरकारी नोंदीत आहेत. 'माजी मालगुजारी' हे त्यांचे कागदावरचे नाव; लोकांच्या तोंडी मामा तलाव. त्यांतले बरेचसे मालगुजारीच्याही आधीचे, गोंड राजवटीतले. जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असा त्या राजांचा नियम होता, असे परंपरा सांगते. या कामात कोहळी समाजाचा हात सगळ्यांत मोठा. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. लाखनी तालुक्यात तर रेंगेपार (कोहळी) असे गावच आहे.

या तलावांची रचना समजून घेतल्याशिवाय या भागाची, म्हणजे झाडीपट्टीची, अर्थव्यवस्था समजत नाही. इथे पाऊस वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटर पडतो. मराठवाड्याच्या माणसाला हेवा वाटावा इतका. अडचण वेळेची असते. आषाढात पऱ्हे टाकून, चिखलणी करून रोवणी उरकली की धानाच्या बांधीत पाणी उभे राहिले पाहिजे, आणि लोंबी भरायच्या वेळी, म्हणजे नेमका पाऊस ओसरतो तेव्हा, शेवटचे एक पाणी मिळाले पाहिजे. हस्ताचा पाऊस हुकला की हातातोंडाशी आलेला धान जातो. तलाव हे शेवटचे पाणी राखून ठेवायचा. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात मातीची पाळ घालायची, एका अंगाला सांडवा सोडायचा, पाळीच्या पोटातून मोरी काढायची आणि खालच्या बांध्यांना पाट द्यायचा. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाच्या पोटात, त्याचा आणखी खाली, असे करत शेवटचे पाणी चुलबंदीला किंवा वैनगंगेला. ज्याला तलाव परवडत नाही त्याने शेताच्या वरच्या अंगाला बोडी खोदायची. पाण्याची सोय झाली की कोहळ्यांनी ऊस लावला, गूळ केला. ढीवरांना मासे मिळाले. गुरांना पाणी, घरांना गाळाची माती मिळाली आणि पाळीच्या खालच्या विहिरी उन्हाळ्यातही आटल्या नाहीत.

हे सारे रामराज्य होते असे आम्ही म्हणणार नाही. १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी सारा गोळा करणाऱ्या पाटलांना आणि ठेकेदारांना जमिनीचे मालक केले. तेच मालगुजार. तलावाची मोरी कधी उघडायची, पाणी आधी कोणाला द्यायचे, पाळीवर बेगारीला कोणाला बोलवायचे, हे वाड्यावर ठरे. ढीवराला आणि महाराला त्यात शब्द नव्हता. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेत पक्की होती. गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये पाण्याचा रिवाज लिहिलेला असे, आणि पाळ फुटली तर मालगुजाराची स्वतःची बांधी वाळत असे. ज्याच्या हाती मोरीचे कुलूप त्याच्याच अंगाला तोटा, त्यामुळे दुरुस्ती होत असे.

खुद्द इंग्रजांनाही तलाव बांधण्याचे शहाणपण उशिरा सुचले. दोन दुष्काळांनंतर पाटबंधारे आयोग बसला आणि मग बोदलकसा, चोरखमारा असे मोठे सरकारी तलाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिरोड्याच्या भागात झाले. तोवर त्यांचे लक्ष दुसरीकडे होते.

ते होते मँगनीजवर. १८९६ साली विलायतेत 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' ही कंपनी नोंदली गेली आणि नागपूर, भंडारा, बालाघाटच्या टेकड्या खणल्या जाऊ लागल्या. तुमसर तालुक्यातले चिखला आणि डोंगरी बुजुर्ग ही त्यातलीच नावे. पोलादाला मँगनीज लागते आणि पोलाद युरोपात बनत होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मँगनीजच्या उत्पादनात भारताची चुरस रशियाशी असे. खाणींपाठोपाठ रूळ आले. तुमसर रोडहून तिरोडीला जो फाटा गेला तो खाणीपाशी पोचून थांबला. तिरोडी ते कटंगी हे जेमतेम पंधरा किलोमीटरचे अंतर जोडून त्या फाट्याची आरपार वाट व्हायला एकविसाव्या शतकाची दोन दशके उलटावी लागली. खनिजाला पुढे जायचे नव्हते, ते माघारी बंदराकडे निघाले होते. प्रवाशांना कुठे जायचे होते हे कोणी विचारले नव्हते.

बंदरही याच मालासाठी घडले. मध्य प्रांताचे मँगनीज मुंबईला किंवा कलकत्त्याला नेणे महाग पडे, म्हणून रायपूर-विजयनगरम ही लाइन १९३१ साली पुरी झाली आणि ऑक्टोबर १९३३मध्ये विशाखापट्टणम बंदर खुले झाले. त्या बंदराच्या आखणीत मध्य प्रांताचे मँगनीज हे एक मुख्य कारण होते. भंडाऱ्याच्या टेकडीपासून समुद्राच्या धक्क्यापर्यंत एक सलग यंत्रणा उभी राहिली, आणि तिच्या एकाही टोकाला भंडाऱ्याचा शेतकरी नव्हता.

हीच गोष्ट मध्य आफ्रिकेत आणखी उघडी दिसते, कारण तिथे दुसरे काही बांधलेच गेले नाही. फ्रेंचांनी १९२१ ते १९३४ या काळात ब्राझाव्हिलपासून पॉइंट-न्वारपर्यंत काँगो-ओसेआँ रेल्वे बांधली. पाचशे किलोमीटरच्या त्या लाइनवर सक्तीने आणलेले किमान सतरा हजार मजूर मेले, असा अंदाज दिला जातो. शेजारच्या गॅबनमध्ये मोआंदा इथे मँगनीजचा प्रचंड साठा सापडला, तेव्हा तो बाहेर काढायला देशात वाटच नव्हती. मग कंपनीने ७६ किलोमीटर लांबीचा तारेवरचा पाळणा-मार्ग उभारला. बादल्या जंगलावरून लोंबकळत काँगोतल्या एंबिंडापर्यंत जायच्या, तिथून रेल्वेने पॉइंट-न्वारला. १९६२ साली हा माल निघू लागला. त्याच वर्षी इकडे जुन्या इंग्रज कंपनीच्या खाणी घेऊन 'मॅंगनीज ओअर इंडिया' ही सरकारी भागीदारीची कंपनी झाली. आजची मॉइल ती हीच. एका बाजूला कंपनीची मालकी सरकारकडे सरकत होती, दुसऱ्या बाजूला नव्या स्वतंत्र देशाचे खनिज परक्या कंपनीच्या बादल्यांतून परक्या देशाच्या बंदराला जात होते.

गॅबनच्या राज्यकर्त्यांना ते खुपत होते. राष्ट्राध्यक्ष ओमर बोंगो यांनी देशाच्या आरपार रेल्वे बांधायचा हट्ट धरला. जागतिक बँकेने ही लाइन फायद्यात चालणार नाही म्हणून पैसे द्यायला नकार दिला. तेलाच्या पैशावर आणि इतरांच्या कर्जावर १९७४ साली काम सुरू झाले आणि १९८६च्या अखेरीस ओवेंदो बंदर ते फ्रान्सव्हिल ही लाइन पुरी झाली. त्या गाड्यांतून प्रवासी जातात, लाकूड जाते, पण सगळ्यांत जास्त मँगनीज जाते. स्वतःच्या देशातून, स्वतःच्या बंदरातून, तरी कच्चेच. बोंगो घराण्याची सत्ता २०२३च्या ऑगस्टमध्ये लष्कराने उलथवली. नव्या राज्यकर्त्यांनी २०२५ साली जाहीर केले की १ जानेवारी २०२९पासून कच्चे मँगनीज देशाबाहेर जाऊ देणार नाही. त्यावर प्रक्रिया इथेच करा. वीज कुठून आणणार, भट्ट्या कोण घालणार, हे प्रश्न उरतात. पण रेल्वे बांधून चाळीस वर्षे होत आल्यावर त्यांचा वाद रुळांवरून उठून भट्टीवर आला आहे, आणि आमच्या मते तो योग्य जागी आला आहे.

भंडाऱ्याला हा वाद नवा नाही. तुमसरजवळ माणेकनगरला फेरोमँगनीजचा कारखाना होता. त्याच्या भट्ट्या थंड होऊन वर्षे लोटली आणि फेरोमिश्रधातूंचे कारखाने सीमेपलीकडे रायपूरच्या उरला-सिलतरा पट्ट्यात दाटले. ज्या धंद्यात वीज हाच निम्मा कच्चा माल, तो वीज स्वस्त असेल तिथे जाणार. डोंगरी बुजुर्गला मॉइलने १९९१ साली बॅटरीसाठी लागणारे शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवायला सुरुवात केली. काम लहान आहे, पण खनिजाने भंडाऱ्यात एक मुक्काम केला असे म्हणता येईल.

मुक्काम करणारे उद्योग या रस्त्यावर अगदीच आले नाहीत असेही नाही. मोटारींचे युग आले आणि रेल्वेने ओस पाडलेली जुनी वाट पुन्हा जिवंत झाली. ग्रेट ईस्टर्न रोडचा राष्ट्रीय महामार्ग सहा झाला, आताचा त्रेपन्न. लाखनीचा बाजार वाढला, कॉलेज आले, साकोलीतून वेगळा होऊन तालुका झाला. १९८२ साली लाखनीजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आला. तिथे ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. मागास भागात कारखाना काढणाऱ्याला मिळणाऱ्या सवलती आणि दारात महामार्ग, असा तो योग होता. चाळीस वर्षांहून जास्त काळ त्याने या भागात पगार वाटला. उलट २०१३ साली साकोलीच्या बाजूला मुंडीपारला भेलच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली, शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, आणि दशक उलटले तरी भोंगा वाजला नाही. एका कारखान्याने रस्ता वापरला, दुसऱ्यासाठी रस्ता असून नुसते कुंपण उभे राहिले. यावरून रस्ता आला की कारखाना येतो हे सूत्र किती भरवशाचे, ते वाचकांनी ठरवावे.

या काळात तलावांचे काय झाले? १९५० साली मध्य प्रदेशच्या विधिमंडळाने मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१पासून तो लागू झाला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजार गेले, त्याबद्दल कोणी अश्रू ढाळू नयेत. तलाव सरकारचे झाले. १९५६ साली जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. दरवेळी दप्तर एका राजधानीतून दुसरीकडे गेले. पुढे शंभर हेक्टरपर्यंतचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. कुलूप एकाकडे, पाळ दुसऱ्याकडे, मासेमारीचा ठेका तिसऱ्याकडे, आणि वाळणारी बांधी चौथ्याची. पोटात गाळ साचला, काठावर बेशरम माजली, तळाच्या कोरड्या भागात अतिक्रमणे झाली. तलाव नकाशावर आहे आणि पाणी अर्धेही राहत नाही, अशी अवस्था गावोगाव आहे.

सरकारने सिंचनावर पैसा खर्च केला नाही असे कोणी म्हणणार नाही. एप्रिल १९८८मध्ये राजीव गांधींनी पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी केली. १९८३ सालच्या अंदाजात त्याची किंमत ३७२ कोटी रुपये होती. अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची होती. २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. पुढे सुधारित किंमत अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेली. वैनगंगेकाठची गावे उठली, नागपूरचे सांडपाणी नाग नदीवाटे येऊन त्याच जलाशयात साठू लागले, आणि कालव्यांची कामे पिढी उलटली तरी चालूच राहिली. धरण नको होते असे आमचे म्हणणे नाही. पण त्याच छत्तीस-सदतीस वर्षांत, त्याच खोऱ्यात, हजारो तयार तलाव गाळाने भरत होते. त्यांना धरण बांधायला लागते तशी जमीन लागणार नव्हती, पुनर्वसन लागणार नव्हते. दरवर्षी गाळ काढणे, सांडवा नीट करणे आणि मोरीवर माणूस ठेवणे एवढेच लागणार होते. अशा कामाचे भूमिपूजन होत नाही, हीच त्याची अडचण. गाळमुक्त धरणासारख्या योजना आल्या, काही गावांनी त्यातून तलाव पुन्हा भरते केले, पण एकदा गाळ काढला की पुढच्या दहा वर्षांचा खर्च कोण करणार, याचे उत्तर त्या योजनांत नव्हते.

आता तिसरी वाट येते आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला आणि तो पुढे भंडारा-गोंदियाकडे नेण्याची आखणी सुरू आहे. असा द्रुतगती मार्ग जुन्या महामार्गासारखा नसतो. त्याला कुंपण असते. आत शिरायला आणि बाहेर पडायला ठरावीक तोंडे असतात. ट्रक कुठे उतरेल, गोदाम कुठे होईल, धानाची गिरणी कुठे टिकेल, हे त्या तोंडांवर ठरते. रेल्वेच्या वेळी लाखनीला कोणी विचारले नाही. उड्डाणपुलाच्या वेळी विचारले असते तरी अपघातांपुढे दुसरे उत्तर नव्हते. या वेळी मोजणी, हरकती, सुनावण्या हे सगळे कायद्यात आहे आणि ते जमिनीच्या भावापुरते संपते. एकरी किती, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जमीन जाणाऱ्याचा तो हक्क आहे. त्याच सुनावणीत आणखी दोन प्रश्न ग्रामसभांनी लेखी द्यावेत. जिल्ह्यात वर चढायची तोंडे किती आणि कुठे? आणि भरावाचा रस्ता जिथे तलावांची साखळी कापतो, तिथे वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात नेणाऱ्या मोऱ्या नकाशात दाखवल्या आहेत का? दुसरा प्रश्न आखणीच्या टप्प्यावर थोड्या पैशात सुटतो. भराव पडल्यावर त्यासाठी पावसाळ्यात बांध्या बुडवून, किंवा हस्तात वाळवून, किंमत मोजावी लागते.